केस तीन महिन्यांनी बोलतात



आज केसांबद्दल बोलायचं आहे. पण कोणतं तेल लावावं, शिकेकाई बरी की शाम्पू बरा, हे मी सांगणार नाही. बाईचे केस सगळ्या डोक्यावरून विरळ व्हायला लागतात. चाई पडलेली नसते, खवडे नसतात, खाज नसते, तरी वेणी बारीक होत जाते. असं का होतं, हे डॉक्टरी शास्त्राला कसं कसं कळत गेलं, त्याची ही गोष्ट आहे. गोष्ट दीडशे वर्षांची आहे, पण दवाखान्यात जाताना ती आजही उपयोगी पडेल.

आमच्या गटातल्या एका ताईपासून सुरुवात करते. आपल्याकडे केसांवर भांडी देणाऱ्या बाया येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. विंचरताना फणीत येणारा गुंतवळ आपण पिशवीत साठवतो आणि त्यावर वाटी, चाळणी असं काहीतरी घेतो. ही ताई बैठकीत म्हणाली, "पिशवी भरायला मला वर्ष लागायचं. यंदा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच भरली." आम्ही हसलो. ती हसली नाही. तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला. भांग बोटभर रुंद झाला होता.

सासूबाई म्हणाल्या, बोअरच्या पाण्याने झालं. शेजारीण म्हणाली, नजर लागली. मेडिकलवाल्याने तीनशे रुपयांचं तेल दिलं. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, सगळ्याच बायकांचे गळतात." एवढ्या जणांनी उत्तरं दिली, पण कधीपासून गळतात आणि त्याच्या आधी काय झालं होतं, हे तिला एकानेही विचारलं नाही. हा प्रश्न विचारायला डॉक्टरी शास्त्रालाही फार वेळ लागला. कसा लागला, ते ऐका.

आधी पुरुषांचं टक्कल

केस गळण्याची चर्चा जुनीच आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त आणि खालित्य ही नावं येतात. पित्त आणि वात बिघडले की केस गळतात, मग कफ आणि रक्त केसांची छिद्रं अडवतात आणि नवे केस येत नाहीत, असं तिथे सांगितलं आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत नोंद आहे की, खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही.

याच नोंदीचा धागा पुढे पकडला गेला. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन या शरीररचनेच्या अभ्यासकाने दाखवलं की, पुरुषांच्या टकलासाठी पुरुषी संप्रेरक लागतं. १९५१ साली त्यानेच पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या ठरवून दिल्या, म्हणजे कुणाचं टक्कल कितपत आहे हे मोजता यावं. बायकांचे केस भांगापाशी कसे विरळ होत जातात, याच्या पायऱ्या जर्मनीतल्या एरिक लुडविग या डॉक्टरने मांडल्या, त्या १९७७ साली. मधली सव्वीस वर्षं मोजपट्टी होती ती पुरुषांसाठी. पुरुषाचं टक्कल चारचौघांत दिसायचं. बाई मात्र आपलं डोकं पदराखाली, अंबाड्याखाली झाकून ठेवत होती. आणि जे झाकलं जातं ते मोजलं जात नाही.

मानेतल्या गाठीचा शोध

बायकांच्या विरळ केसांमागचं एक कारण मात्र त्याच्या बरंच आधी सापडलं होतं. ते सापडलं इंग्लंडमध्ये, आणि केस शोधताना नाही.

१८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरने एक निबंध वाचला. मोठ्या वयाच्या काही बायका हळूहळू बदलत जातात, चेहरा सुजल्यासारखा होतो, बोलणं मंदावतं, हालचाल जड होते, असं त्याने लिहिलं. पुढे विल्यम ऑर्ड या डॉक्टरने या आजाराला 'मिक्सिडीमा' हे नाव दिलं. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८३ मध्ये चौकशी समिती नेमली आणि १८८८ साली तिचा अहवाल आला. शंभरावर रुग्णांची माहिती जमली होती. त्यांत बहुतेक सगळ्या बायका होत्या. कोरडी कातडी, थंडी सहन न होणं, सतत थकवा आणि विरळ झालेले केस ही लक्षणं पुन्हा पुन्हा दिसत होती. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करेनाशी झाली की हे होतं, असा निष्कर्ष निघाला.

कारण कळलं, पण औषध नव्हतं. ते मिळालं १८९१ साली. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीची थायरॉईड ग्रंथी आणून तिचा अर्क काढला आणि ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. काही महिन्यांत तिची सूज उतरली, कातडी मऊ झाली, बोलणं पूर्ववत झालं. ही बाई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेने नंतर छापला. आज त्याच कामाची एक छोटी गोळी मिळते.

या गोष्टीत आपल्यासाठी महत्त्वाचं काय? त्या बायकांना आळशी, मंद, वयामुळे अशा झालेल्या, असंच समजलं जात असणार. केस, थकवा, थंडी, सूज ही लक्षणं वेगवेगळी पाहिली तर कशाचाच अर्थ लागत नव्हता. शंभर बायकांच्या तक्रारी एका कागदावर एकत्र लिहिल्या, तेव्हा अर्थ लागला.

तापाचं कोडं

आता दुसरा धागा. मुदतीच्या तापातून, म्हणजे टायफॉईडमधून उठलेल्या माणसाचे केस जातात, हे आपल्या आजीलाही माहीत होतं आणि युरोपातल्या डॉक्टरांनाही. तिकडे तर तापाच्या रुग्णाचे केस कापूनच टाकायची रीत होती. बाळंतपणानंतर केस जातात हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पण एक कोडं होतं. ताप असताना केस जात नसत. ताप उतरायचा, माणूस भाकरी खायला लागायचा, शेतावर जायला लागायचा, आणि मग केसांची गळती सुरू व्हायची. बाळंतिणीचंही तसंच. बाळंत झाल्याबरोबर नाही, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केस जायला लागतात. काही घरांत म्हणतात, बाळ आईला ओळखायला लागलं, हसायला लागलं की आईचे केस जातात. ते खोटं कसं म्हणावं? बाळ हसतं तेव्हाच केस जातात, हे बायकांनी बरोबर पाहिलं होतं. मात्र केस बाळाच्या हसण्यामुळे जात नव्हते. कारण त्याच्या तीन महिने मागे होतं.

हे मधले तीन महिने कुठून आले, ते कळण्यासाठी आधी केस कसा वाढतो हे कळायला हवं होतं.

उंदीर, मोजपट्टी आणि केसांची मुळं

१९२६ साली ड्राय नावाच्या शास्त्रज्ञाने उंदराच्या अंगावरच्या केसांचा बारकाईने अभ्यास केला. केस सतत वाढत नाही, असं त्याला दिसलं. तो काही काळ वाढतो, मग थोडा काळ आवरतं घेतो, मग विश्रांती घेतो आणि शेवटी गळून नव्या केसाला जागा देतो. वाढीच्या काळाला त्याने 'अॅनाजेन', आवरण्याच्या काळाला 'कॅटाजेन' आणि विश्रांतीच्या काळाला 'टेलोजेन' ही नावं दिली. डॉक्टर आजही हीच नावं वापरतात.

त्याच काळात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मिल्ड्रेड ट्रॉटर ही तरुण संशोधक माणसाच्या केसांची वाढ मोजत होती. तिचा एक निष्कर्ष आपल्या फार उपयोगाचा आहे. वस्तरा फिरवल्याने केस दाटही होत नाहीत आणि जाडही होत नाहीत, हे तिने १९२८ साली मोजून दाखवलं. आज त्याला जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी "एकदा मुंडण कर, दाट येतील" हा सल्ला आपल्याकडे संपलेला नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं. वस्तरा वरचा दोर कापतो, मुळाला त्याची खबरही नसते.

आता माणसाच्या डोक्याचा हिशेब पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. एक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो आणि मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. कोणत्याही दिवशी शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढत असतात आणि दहा-पंधरा विश्रांतीत असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे दुखणं नाही, तो नेम आहे.

हे झाडावरून लगेच समजतं. आंबा वर्षभर थोडी थोडी पानं गाळतो, पण तो कधी बोडका दिसत नाही, कारण सगळी पानं एकदम पिकत नाहीत. पांगारा मात्र एकदम पानं गाळतो. आपलं डोकं आंब्यासारखं आहे. पण शरीराला मोठा धक्का बसला की त्याचा पांगारा होतो.

हे कसं होतं, ते १९६० च्या सुमारास उलगडलं. १९६० साली यव्होन लिनफिल्ड या डॉक्टर बाईने गरोदर आणि बाळंत झालेल्या बायकांच्या केसांची मुळं तपासली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत विश्रांतीतले केस नेहमीपेक्षा कमी होते. म्हणजे जे केस गळायचे ते गळतच नव्हते. म्हणूनच पोटुशी बाईचे केस दाट आणि तजेलदार दिसतात. बाळंतपणानंतर राहिलेले सगळे केस एकदम विश्रांतीत गेले आणि मग एकदम गळले. बाळंतिणीची गळती ही बरीचशी थकलेली बाकी असते. एरवी नऊ महिन्यांत हप्त्याहप्त्याने गेले असते ते केस एकरकमी जातात. बहुतेक जणींचे पुढच्या काही महिन्यांत परत येतात.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने हे सगळं एका सूत्रात बांधलं. ताप असो, बाळंतपण असो, दुसरा एखादा धक्का असो, केसांचं मूळ प्रत्येक वेळी सारखंच वागतं. वाढणारे पुष्कळ केस वेळेआधी वाढ थांबवून विश्रांतीत जातात, आणि विश्रांती संपली की दोन ते चार महिन्यांनी एकत्र गळतात. या गळतीला त्याने 'टेलोजेन एफ्लुव्हियम' हे नाव दिलं. याच क्लिगमनने तुरुंगातल्या कैद्यांवर जे प्रयोग केले, त्यांबद्दल पुढे त्याच्यावर कडक टीका झाली. तेही इतिहासात लिहिलं गेलं आहे आणि विसरू नये. पण तापाचं कोडं या मांडणीने सुटलं.

म्हणजे फणीत आज आलेला केस आज मेलेला नसतो. तो तीन महिन्यांपूर्वी थांबलेला असतो. पत्र आज पोचलं तरी त्यावर तारीख जुनी असते, तसं हे आहे. म्हणून केस गळायला लागले की आजचं पाणी, आजचा साबण, आजचं तेल यांच्यावर संशय घेऊन फारसं हाती लागत नाही. तीन महिने मागे जावं लागतं.

रक्ताचा प्रश्न

धक्का नेहमी तापासारखा दिसणारा असतो असं नाही. काही धक्के शांतपणे, वर्षानुवर्षं बसत राहतात. रक्त कमी असणं हा त्यांतला आपला सगळ्यात जवळचा.

इथे मुंबईची एक गोष्ट सांगायला हवी. ती केसांची नाही, पण कारण कसं शोधावं याची आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक प्रकारचा भयंकर पंडुरोग व्हायचा आणि त्यात पुष्कळ जणी दगावायच्या. त्याचं कारण शोधायचं होतं. जंतूच शोधत न बसता विल्सने या बायका काय खातात, कशा राहतात ते पाहिलं. दोष अन्नात आहे, हे तिच्या लक्षात आलं. यीस्टपासून केलेला एक स्वस्त पदार्थ दिला की बायका बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली जगासमोर मांडलं. त्यात जे तत्त्व होतं, ते पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखलं गेलं. अंगणवाडीत, उपकेंद्रात आपल्याला लोह आणि फोलिक अॅसिडची गोळी मिळते ना, तिच्यातल्या अर्ध्या भागाची गोष्ट मुंबईच्या गिरणकामगार बायकांपासून सुरू होते.

दुसरा अर्धा भाग लोहाचा. १९६३ साली उत्तर युरोपातल्या एका त्वचारोगाच्या नियतकालिकात हार्ड नावाच्या डॉक्टरने लिहिलं की, ज्या बायकांचे केस सगळ्या डोक्यावरून विरळ होतात, त्यांतल्या काही जणींचं हिमोग्लोबिन ठीक असतं, पण अंगातलं लोह कमी असतं. म्हणजे पिठाच्या डब्यात पीठ दिसतं, पण कोठारातलं धान्य संपत आलेलं असतं. हा साठा 'फेरिटिन' नावाच्या तपासणीत कळतो. यावर पुढे पुष्कळ अभ्यास झाले आणि मतभेदही झाले. काहींना लोह आणि केसांचा संबंध दिसला, काहींना तो स्पष्ट दिसला नाही. म्हणून लोहाच्या गोळीने प्रत्येकीचे केस परत येतील, असं मी म्हणणार नाही. पण रक्त कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, मग केस येवोत की न येवोत.

आपल्याकडे याला किती महत्त्व द्यावं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या गटात वीस जणी असतील, तर दहा-अकरा जणी. यांतल्या कितीतरी जणींना धाप, चक्कर, पायात गोळे ही लक्षणं रोजचीच वाटतात. त्यांच्यासाठी दवाखान्यात कुणी जात नाही. केस गेले की मात्र बाई आरशात पाहते आणि घाबरते. डॉक्टरांकडे जायला केसांनी भाग पाडलं, तर त्या निमित्ताने रक्तही तपासून घ्यावं.

शेगावच्या गावांत

कारण शोधण्याची एक अगदी अलीकडची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. २०२४ च्या अखेरीला आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांतच टक्कल पडत होतं. हा प्रकार मी आतापर्यंत सांगितलेल्या हळूहळू विरळ होण्यापेक्षा वेगळा होता. बायका, पुरुष, मुलं सगळ्यांनाच त्याचा त्रास झाला. आधी पाण्यावर संशय आला, शाम्पूवर आला, बुरशीच्या संसर्गावर आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक गावात आलं आणि नमुने घेऊन गेलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर हे विंचूदंशावरच्या उपचारांसाठी आपल्याला माहीत आहेत. त्यांनी स्वतः गावांत जाऊन तपासणी केली आणि गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार जास्त सापडल्याचं सांगितलं. रुग्णांच्या शरीरातही ते वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं त्यांना आढळलं.

सेलेनियम थोडं हवंच असतं. जास्त झालं की केस आणि नखं जातात. म्हणजे केसांसाठी कमतरता जशी वाईट, तशी अतिरेकही. 'केसांच्या' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मनाने खाऊ नयेत, याचं हे एक कारण. 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तरीही केस गळतात.

या गोष्टीत मला आणखी एक दिसतं. एका घरातली एकटी बाई म्हणाली असती, तर तिला टेन्शन घेऊ नका म्हणून परत पाठवलं असतं. गावंच्या गावं एकत्र बोलली, म्हणून नमुने घेतले गेले.

कारण सापडलं नाही तर

खरं सांगायचं तर, कधीकधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात डेव्हिड व्हायटिंग या डॉक्टरने अशाच बायकांबद्दल लिहिलं. वय साधारण तीस ते साठ, केस पहिल्यापासून दाट, गळती महिनोन्महिने आणि वर्षानुवर्षं चालू, आणि ठोस कारण हाती नाही. पण या बायका सहसा टकल्या होत नाहीत, हेही त्याने नोंदवलं. याला जुनाट टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. 'कारण सापडलं नाही' आणि 'काही झालेलंच नाही' यात फार अंतर आहे. पहिलं वाक्य तपासून झाल्यावर बोलायचं असतं. दुसरं पुष्कळदा न तपासताच बोललं जातं.

दुसरा प्रकार लुडविगने मांडलेला. पुढची रेघ जागच्या जागी राहते, पण भांग रुंद होत जातो आणि केसांचा दोर बारीक होत जातो. हा बऱ्याचदा घराण्यातून येतो आणि आपोआप थांबत नाही. त्यावर मिनॉक्सिडिल नावाचं लावायचं औषध आहे. अमेरिकेत ते पुरुषांसाठी १९८८ मध्ये आणि बायकांसाठी १९९१ मध्ये मंजूर झालं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

दवाखान्यात जाताना

आता या दीडशे वर्षांतून आपण काय घ्यायचं ते सांगते. कागद घ्या, किंवा मुलीला लिहायला सांगा.

पहिलं, गळती कधी सुरू झाली तो महिना लिहा. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. मग तिथून दोन ते चार महिने मागे जा. ताप, डेंग्यू, टायफॉईड, कोविड, ऑपरेशन, बाळंतपण, गर्भपात, फार रक्त गेलेली पाळी, लांबलेले कडक उपास, एकदम उतरलेलं वजन, नवं सुरू केलेलं किंवा बंद केलेलं औषध, घरातला मृत्यू, यांतलं जे झालं असेल ते लिहा. गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या असतील तर तेही लिहा.

दुसरं, केसांसोबत आणखी काय होतं ते लिहा. थंडी सहन होत नाही, वजन वाढतंय, बद्धकोष्ठ आहे, आवाज जड झालाय, तर थायरॉईडची टीएसएच ही तपासणी करायला हवी का, ते विचारा. धाप लागते, माती किंवा पाटी खावीशी वाटते, पाळीला फार रक्त जातं, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिनबद्दल विचारा. पाळी महिनोन्महिने येत नाही आणि हनुवटीवर राठ केस येतात, तर तेही न लाजता सांगा. त्याचा आणि डोक्यावरच्या केसांचा संबंध असू शकतो.

तिसरं, बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्यांच्यामुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो.

चौथं, गोल चट्टे पडले, कातडी लाल होऊन सोलली, तिथे वण राहिला, किंवा काही दिवसांतच मूठमूठ केस गेले, तर थांबू नका. तो वेगळा आजार असतो आणि लवकर दाखवला तर फायदा होतो.

सुरुवात आशाताईंपासून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. कोणती तपासणी तिथे होते आणि कोणत्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात जावं लागेल, ते आधी विचारून घ्या, म्हणजे फुकटची खेप होणार नाही. आणि धीर धरा. कारण दूर झालं तरी केसांना वेळ लागतो. महिन्याला एक सेंटिमीटर, हा हिशेब विसरू नका. आज मुळाला बरं वाटलं तरी वेणीत ते दिसायला सहा महिने ते वर्ष जातं.

आता आमच्या त्या ताईचं काय झालं, ते सांगते. बैठकीत आम्ही सगळ्यांनी मिळून तिचे महिने मागे मोजले. गळती दिवाळीत सुरू झाली. मागे गेलो तर श्रावण. श्रावणात ती डेंग्यूने आठ दिवस झोपून होती. हे ती स्वतःच विसरली होती, कारण नवव्या दिवशी ती निंदायला गेली होती. मग आशाताई तिला घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघालं. पाळीला चार वर्षांपासून फार रक्त जात होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आता तिच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि पाळीचा इलाजही सुरू झाला आहे. परवा ती भांगाशी आलेले बोटाच्या पेराएवढे नवे केस दाखवत होती. ते सरळ उभे राहतात, तेल लावूनही बसत नाहीत, अशी तिची नवी तक्रार आहे.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना विचारा, कुणाचे केस गळतात आणि कधीपासून. आणि मग सगळ्यांनी मिळून मागे मोजा.